गाडी आपली, चोपडी दुसऱ्याकडे: कनेक्टेड कार आपल्याबद्दल काय लिहून ठेवते आणि ते आवरायचं कसं

गेल्या पावसात एका रात्री साडेदहाच्या सुमाराला मामाला डोंबिवलीहून फोन आला. चार महिन्यांपूर्वी मामाने ज्यांच्याकडून सेकंडहँड गाडी घेतली होती त्यांचाच. "काका, सॉरी हं, उशिरा फोन करतोय, पण तुमच्या गाडीचा दरवाजा लॉक नाहीये, माझ्या मोबाइलवर मघापासून नोटिफिकेशन येतंय." मामाचं घर कुडाळजवळच्या वाडीत, गाडी खळ्यात उभी, बाहेर धो धो पाऊस. मामा बॅटरी घेऊन गेला, बघतो तर खरंच मागचा दरवाजा नीट लागलेला नव्हता. परत येऊन ओल्या डोक्यानेच खुर्चीत बसला आणि म्हणाला, "अरे, तेका डोंबिवलीत बसान ह्या कसा कळला?"

तो माणूस सज्जन म्हणून फोन केला. पण मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी बोललो तेव्हा कळलं की चार महिने त्यांच्या ॲपमध्ये ही गाडी दिसत होती, कुठे उभी आहे, कधी निघाली, किती किलोमीटर गेली, सगळं. मामी दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला कणकवलीला जाते, गाडी तिथे चार-पाच तास उभी असते. आम्ही हे वाडीत सगळ्यांना सांगितलेलं नाही, मामीला आवडत नाही म्हणून. आणि डोंबिवलीतल्या एका अनोळखी घरात तो नकाशावरचा ठिपका दर मंगळवारी त्याच जागी जाऊन थांबत होता.

मामाने मला सांगितलं, "माका सांग, ही गाडी आमचा काय काय लिवन ठेवता?" ते शोधता शोधता जे समजलं ते इथे लिहितोय, कारण आता आपल्याकडे गावागावात अशा गाड्या आल्यात आणि मुंबईहून वापरलेल्या गाड्या इकडे येण्याचं प्रमाणही कमी नाही.

## कनेक्टेड कार म्हणजे काय

ज्या गाडीला स्वतःचं इंटरनेट आहे ती कनेक्टेड कार. आपल्याकडे २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर आल्या तेव्हापासून हा शब्द जाहिरातीत दिसायला लागला आणि आता बऱ्याच कंपन्यांच्या मधल्या-वरच्या मॉडेलमध्ये हे असतंच. गाडीत आतून बसवलेलं एक सिम असतं, ते आपल्याला काढता येत नाही, दिसतही नाही.

आता आत काय चालतं ते बघा. गाडीत हल्ली एक इंजिन आणि चार चाकं एवढंच नसतं, कितीतरी छोटे कॉम्प्युटर असतात, ब्रेकचा एक, एअरबॅगचा एक, स्टिअरिंगचा, दरवाज्यांचा. ते सगळे एका सामायिक वायरवर एकमेकांशी बोलतात. आपल्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखं समजा, ब्रेकने टाकलं "आत्ता जोरात दाबला", ते सगळ्यांना वाचता येतं. हे गाडी नीट चालायला हवंच, त्यात वाईट काही नाही. पण या ग्रुपमध्ये एक मेंबर असा आहे ज्याच्याकडे बाहेर जायचा रस्ता आहे. त्याला टेलिमॅटिक्स युनिट म्हणतात, म्हणजे जीपीएस आणि सिम असलेला डबा. तो ग्रुपवरचं वाचतो आणि त्यातलं हवं ते कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो. फोंडा घाटात रेंज गेली तरी फार फरक पडत नाही, बऱ्याच गाड्यांत हा डबा नोंदी साठवून ठेवतो आणि घाट उतरून रेंज आली की पाठवून देतो.

काय काय पाठवू शकतो? गाडी कुठे आहे, वेग किती, ब्रेक किती जोरात मारला, पट्टा लावलाय का, रात्री किती वाजता निघाली, दरवाजा कधी उघडला. कॅमेरा आतून असेल तर तेही. फास्टॅगची नोंद टोलनाक्यापुरती असते, ही नोंद प्रत्येक वळणाची होऊ शकते.

सिमशिवाय आणखी दोन वाटा आहेत आणि त्यातली पहिली साध्या, जुन्या गाडीतही असते. एक म्हणजे ब्लूटूथ. आपण फोन जोडतो तेव्हा गाडी विचारते, कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्टरी घेऊ का, आपण गडबडीत हो म्हणतो, आणि आपली अख्खी फोनबुक गाडीच्या स्क्रीनमध्ये जाऊन बसते. मामाच्या गाडीत आधीच्या मालकाचा, त्यांच्या बायकोचा आणि मुलाचा असे तीन फोन सेव्ह होते आणि नकाशात 'होम' दाबलं की डोंबिवलीच्या सोसायटीचा पत्ता येत होता, गेट नंबरसकट. म्हणजे त्यांना आम्ही दिसत होतो आणि आम्हाला ते. दुसरी वाट म्हणजे कंपनीचं मोबाइल ॲप, ते फोनमधून वेगळी माहिती घेतं.

## मग ही माहिती जाते कुठे

आंबा बागायतदाराला हे चटकन समजेल. आपण पेटी भरतो, ती वाशीला दलालाकडे जाते, दलाल विकतो, आपलं कमिशन कापतो आणि आपल्याला पट्टी पाठवतो, अमुक पेट्या, अमुक भाव. पट्टीवर भांडण होईल, भाव कमी लागला म्हणून आपण चिडू, पण निदान पट्टी येते. माहितीच्या बाजारातही दलाल आहेत, त्यांना डेटा ब्रोकर म्हणतात. ते वेगवेगळ्या ठिकाणहून लोकांची माहिती गोळा करतात आणि पुढे विकतात. फरक एवढाच की इथे बाग आपली, पेटी आपली, आणि पट्टी येत नाही. पेटी गेली हेच आपल्याला कळत नाही.

अमेरिकेत हे उघडं पडलं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की जनरल मोटर्स आपल्या गाड्यांमधली ड्रायव्हिंगची माहिती लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या दोन दलाल कंपन्यांना देत होती आणि त्यांच्याकडून ती इन्शुरन्स कंपन्यांकडे जात होती. सिएटलजवळच्या एका माणसाकडे जनरल मोटर्सचीच शेव्हरले बोल्ट गाडी होती, त्याचा विमा २१ टक्क्यांनी वाढला, का ते त्याला कळेना. त्याने लेक्सिसनेक्सिसकडून स्वतःचा रिपोर्ट मागवला तर तो निघाला २५८ पानांचा. सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या, कधी निघाला, किती गेला, किती वेळा जोरात ब्रेक मारला, सगळं. बातमी आल्यावर कंपनीने या दोघांना माहिती देणं बंद केलं. नंतर जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, कारवाई जाहीर केली, पाच वर्षं अशा कंपन्यांना ठिकाणाची आणि ड्रायव्हिंगची माहिती द्यायची नाही असं त्यात आहे. कमिशनचं म्हणणं असं की काही वेळा दर तीन सेकंदाला गाडीचं ठिकाण नोंदवलं जात होतं.

मला यातली जोरात ब्रेकची गोष्ट फार लागते. पावसात आपल्या हायवेवर रात्री गुरं येऊन बसतात, रस्ता कोरडा नि उबदार असतो म्हणून. वळणावर अचानक समोर वासरू दिसलं की ब्रेक मारावाच लागतो, मारला नाही तर वासरू जाईल आणि कदाचित आपणही जाऊ. चोपडीत काय लिहिलं जाणार? "जोरात ब्रेक, एक." वासरू लिहिलं जात नाही. पहाटे तीनला बंदरावर जाणारा मासळीवाला टेम्पोचालक वर्षानुवर्षं नीट गाडी चालवत असेल, पण "रात्रीचं ड्रायव्हिंग जास्त" एवढंच त्याच्याबद्दल उरेल. आकडा खोटा नसतो, अर्धा असतो, आणि अर्ध्या आकड्यावर कुणीतरी लांब बसून आपला भाव ठरवतो.

## "हे सगळं अमेरिकेत, आपल्याकडे कुठे?"

हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारला जातो. गाड्या तशाच आहेत, डबे तसेच आहेत. आणि विम्याची वाट आपल्याकडेही उघडली आहे, जुलै २०२२ मध्ये इर्डाने म्हणजे विमा नियंत्रकाने गाडीच्या विम्यात 'जेवढी चालवाल तेवढं भरा' आणि 'जशी चालवाल तसं भरा' अशा दोन ॲड-ऑनना, म्हणजे मूळ विम्याला जोडून घ्यायच्या योजनांना, परवानगी दिली. त्या घेणं आपल्या मर्जीवर आहे आणि कमी फिरणाऱ्याला त्याचा फायदाही होऊ शकतो, मी त्याच्या विरोधात नाही. पण घेताना विचारा की गाडीतून नक्की काय मोजणार, किती दिवस ठेवणार आणि पॉलिसी संपल्यावर त्याचं काय करणार.

शिवाय फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ कार ब्रँडच्या प्रायव्हसी पॉलिसी तपासल्या होत्या, त्यात आपल्याकडे धावणारे कितीतरी ब्रँड आहेत. एकही पास झाला नाही. ८४ टक्के ब्रँड माहिती दुसऱ्यांना देऊ किंवा विकू शकतात असं त्यांच्याच पॉलिसीत लिहिलेलं होतं, आणि सगळ्या ड्रायव्हरना आपली माहिती पुसून घ्यायचा हक्क देणारे फक्त दोन निघाले, रेनॉ आणि डाचिया.

## "माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

मामीचं सांगितलंच वर. तिने काही गुन्हा केलेला नाही, तिला फक्त लोकांनी बिचारी म्हणायला नकोय. तो तिचा हक्क आहे.

आणि गावात तरी सगळं सगळ्यांना कळतंच की, असंही कुणी म्हणेल. बरोबर आहे, नाक्यावरच्या चहावाल्याला कोण कुणाकडे आलं ते माहीत असतं. पण तो चहावाला आपल्याला दिसतो. त्याला काय माहीत आहे हे आपल्यालाही माहीत असतं, तो विसरतो, आपणही त्याच्याबद्दल चार गोष्टी जाणतो, आणि अती झालं तर त्याला जाऊन बोलता येतं. सर्व्हर विसरत नाही. तो कोणाकडे आहे ते आपल्याला कळत नाही आणि त्याच्याकडे जाऊन बोलायला नाका नाही.

चोरीचंही बघा. बंद घरांचा आपल्याकडे किती मोठा प्रश्न आहे, गणपती-शिमग्याला घरं उघडतात आणि मग कुलपं. गाडी कधी मुंबईला आहे आणि कधी गावाला, हे ज्याला दिसतं त्याला कुठलं घर कधी रिकामं आहे तेही दिसतं.

## "नाव काढून टाकतात म्हणे, मग काय बिघडतं?"

कंपन्या हे सांगतात. नाव काढलं की माहिती कुणाची ते कळत नाही, असा त्याचा अर्थ. पण गाडी रोज रात्री एका खळ्यात झोपते आणि सकाळी एका शाळेसमोर थांबते, असं असेल तर नाव हवंय कशाला? वाडीतलं कुणीही सांगेल अमक्या बाईंची गाडी. २०१३ मध्ये संशोधकांनी १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या, नावं नसलेल्या. कुठे आणि कधी अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या तर ९५ टक्के माणसं वेगळी ओळखू येत होती.

## "मोठ्या कंपन्या सांभाळतात नीट"

प्रत्येक वेळी नाही. टोयोटाने मे २०२३ मध्ये सांगितलं की जपानमधल्या सुमारे २१.५ लाख ग्राहकांच्या गाड्यांची माहिती क्लाउडच्या चुकीच्या सेटिंगमुळे जवळपास दहा वर्षं उघडी होती, नोव्हेंबर २०१३ ते एप्रिल २०२३. फोक्सवॅगन समूहाच्या ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती अशीच नीट बंद न केलेल्या ठिकाणी सापडली, हे डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत बाहेर आलं, आणि त्यातल्या साधारण ४.६ लाख गाड्यांचं नेमकं ठिकाण कळत होतं. टेस्लाच्या काही कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यातले व्हिडिओ आपापसात फिरवले, २०१९ ते २०२२ च्या दरम्यान, ही रॉयटर्सची एप्रिल २०२३ ची बातमी. यांत कुणी मुद्दाम विकायला काढलं नव्हतं. साठवलं होतं म्हणून सांडलं. विहिरीला कठडा कितीही चांगला बांधा, पण जिथे विहिरीची गरजच नाही तिथे खणू नये, असं माझं मत आहे.

## "पण एसओएस आणि ट्रॅकिंग चांगलंच आहे की"

आहे. मी ते बंद करा असं सांगणार नाही. करूळ घाटात रात्री गाडी दरीकडे गेली आणि एअरबॅग उघडल्यावर गाडीने आपणहून मदतीला फोन लावला तर माणूस वाचेल, अर्थात तिथे रेंज असेल तर. चोरीला गेलेली गाडी सापडते. एसटी आणि टॅक्सीत ट्रॅकर आणि लाल पॅनिक बटण असतं ते एआयएस-१४० या सरकारी नियमामुळे, रात्री एकट्या प्रवास करणाऱ्या बाईसाठी ते हवंच.

माझं म्हणणं वेगळं आहे. अपघात झाल्यावर ठिकाण पाठवणं वेगळं आणि रोजचं ठिकाण वर्षानुवर्षं साठवणं वेगळं. डॉक्टरला आपण दुखतं तिथे दाखवतो, म्हणून त्याने घरातली कपाटं उघडावीत असं नाही. पहिल्यासाठी दुसरं लागत नाही, कंपनी दोन्ही एकाच 'आय ॲग्री'मध्ये बांधून देते हीच अडचण आहे.

## कायदा काय म्हणतो

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात.

यात आपल्या कामाचं बरंच आहे. संमती मोकळेपणाने दिलेली आणि नेमक्या कामापुरती असली पाहिजे. दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. कंपनीकडे आपलं काय आहे ते विचारता येतं, चूक दुरुस्त करून मागता येते, पुसून मागता येतं. सुरक्षितता नीट ठेवली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. कायद्यातच एक उदाहरण दिलंय, कुणी टेलिमेडिसिनचं, म्हणजे फोनवरून डॉक्टरी सल्ला घ्यायचं, ॲप घेतलं आणि ॲपने उपचाराबरोबर फोनमधले कॉन्टॅक्टही मागितले, माणसाने दोन्हीला हो म्हटलं, तरी कॉन्टॅक्टची गरज उपचाराला नाही म्हणून ती संमती उपचारापुरतीच धरायची. हेच गाडीला लावून बघा.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. त्यात मराठी आहे, कोकणीही आहे. ज्या मामाने इंग्रजीतली ती लांबच लांब पानं न वाचता अंगठा टेकवल्यासारखं 'ओके' केलं, त्याच्यासाठी हा मोठा फरक आहे. कमतरता पण आहे, सरकारी यंत्रणांना या कायद्यातून बऱ्यापैकी सूट मिळू शकते, ती मला खटकते.

## मे २०२७ ची वाट न बघता आज काय करायचं

गाडी जुनी घेत असाल तर चावी घ्यायच्या आधी, विकणारा समोर असताना, त्याच्या मोबाइलमधल्या कंपनीच्या ॲपमधून ती गाडी काढायला सांगा आणि आपल्या डोळ्यांनी बघा. मग गाडीच्या स्क्रीनवर सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट मारा. नुसता रीसेट पुरत नाही हे लक्षात ठेवा, स्क्रीन साफ होते पण कंपनीच्या सर्व्हरवर खातं जुन्या मालकाच्याच नावावर राहू शकतं, मामाचं तेच झालं होतं. आरसी नावावर झाली की ती दाखवून कस्टमर केअरकडून खातं बदलून घ्या. विकताना हेच उलट, सेव्ह केलेले पत्ते, फोन, गाणी, सगळं पुसा आणि ॲपमधून गाडी काढा.

नवीन घेत असाल तर शोरूममध्ये मायलेज विचारता तसंच हे विचारा, कनेक्टेड सेवा न घेता गाडी मिळते का, फुकटची मुदत संपल्यावर सिम माहिती पाठवणं बंद करतं का, कुठली सेटिंग कुठे आहे. सेल्समनला माहीत नसेल तर त्याला विचारून सांगायला लावा, डिलिव्हरीच्या आधी आपला शब्द चालतो, नंतर नाही.

ब्लूटूथ जोडताना कॉन्टॅक्टला नाही म्हणा, गाणी आणि कॉल तरीही चालतात, फक्त स्क्रीनवर नावाऐवजी नंबर दिसेल. ॲपला लोकेशनची परवानगी 'ॲप वापरताना' एवढीच द्या. मालवण-गोव्याला भाड्याची गाडी घेतली तर फोन जोडूच नका, चार्जिंगला सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा साधा चार्जर वापरा, आणि जोडलाच असेल तर गाडी परत देताना डिलीट करा.

आणि कंपनीला लिहा, मराठीत लिहा. मामाच्या नावाने मी पाठवलेला मजकूर असा होता, हवा तर घ्या: "माझी गाडी तुमच्या कनेक्टेड सेवेला जोडलेली आहे. माझ्या गाडीतून तुम्ही कोणती माहिती घेता, ती किती काळ ठेवता आणि कोणाला देता ते कळवा. आधीच्या मालकाचं खातं या गाडीवरून काढा आणि काढल्याचं लेखी कळवा. अपघाताच्या वेळची मदत सोडून बाकी कशासाठीही माझ्या गाडीचं ठिकाण साठवायला माझी संमती नाही."

पहिल्या फोनवर त्यांनी सर्व्हिस सेंटरला जा म्हणून सांगितलं, सर्व्हिस सेंटरने कस्टमर केअरला फोन करा म्हणून सांगितलं. मेल पाठवल्यावर आरसीची कॉपी मागितली आणि सहाव्या दिवशी खातं निघालं. साठवलेल्या माहितीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही, मी दर पंधरा दिवसांनी तोच मेल परत पाठवतो.

डोंबिवलीच्या त्या काकांनी आपल्या ॲपचा फोटो पाठवला, गाड्यांच्या यादीत काही नाही. मामाने त्यांना लगेच उलट फोन लावला. "आता आमची गाडी तुमका दिसूची नाय, पण आमी हयच आसव. गणपतीक येवा."